‘आपला’ म्हणायची वेळ

रग्बीत समोरच्या संघाचा बॉल हिसकावला की पहिलं काम पुढे पळायचं नसतं. मागे सरायचं असतं. हे मला समजायला एक अख्खा मोसम गेला. बचाव करताना आपली माणसं एका रेषेत, समोरच्यांच्या छातीला छाती भिडेल इतकी जवळ उभी असतात. तिथून हल्ला करता येत नाही, कारण पास घ्यायला आणि वेग धरायला जागा लागते. म्हणून बॉल आपल्याकडे आला की रेषेतल्या प्रत्येकाने चार पावलं मागे यायचं, बाजूला पसरायचं आणि बॉल गर्दीतून लांब, मोकळ्या अंगाला पोचवायचा. समोरचे तोवर हल्ल्याच्याच धुंदीत असतात, त्यांची माणसं विस्कटलेली असतात. ती पुन्हा रेषेत उभी राहीपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यात काय ते होतं. आमचे सुभेदार या सगळ्याला एकच शब्द वापरायचे, पलटी.

पण बॉल आपला झाला हे बाकीच्यांना कळणार कसं? बॉल असतो माणसांच्या ढिगाखाली. रेषेतल्यांना दिसतात पाठी आणि बुटांचे तळवे. ज्याला दिसतो त्याने ओरडायचं, ‘आपला!’ आमच्या संघात ते काम नऊ नंबरचं, म्हणजे माझं होतं. मी ढिगाच्या मागे, हातभर अंतरावर, वाकून उभा असायचो. उशिरा ओरडलो तर समोरचे सावरायचे. लवकर ओरडलो आणि बॉल आपला नसला, तर आपलीच माणसं मागे सरून त्यांना वाट मोकळी करून द्यायची.

मी पोटापाण्यासाठी याच्या उलटं काम करत होतो. हिंजवडीत तेव्हा कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या, आणि सकाळी डेक्कनवर कंपन्यांच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या, गळ्यात पट्टे घातलेल्या माणसांकडे लोक वळून बघायचे. त्यांतला मी एक. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा, तो सर्व बाजूंनी ठोकून बघायचा, आणि पूर्ण खात्री झाल्याशिवाय ‘बरोबर आहे’ म्हणायचं नाही, याचा मला पगार मिळायचा. खात्री होईपर्यंत गप्प राहणं हा माझा गुण समजला जाई. रग्बीत तोच माझा दोष ठरला.

सुभेदार आमच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचे मुख्य होते. फौजेत रग्बी शिकलेले, साताऱ्याकडचे. शनिवारी-रविवारी खडकीकडच्या एका मैदानावर ते संघ उभा करत होते. त्यात कॉम्प्युटरवाले होते, भोसरी-पिंपरीचे कामगार होते, पेठांतल्या कबड्डी मंडळांतली उरलीसुरली पोरं होती. मी बुटका, बऱ्यापैकी चपळ. एकदा बस चुकेल म्हणून धावताना त्यांनी मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं.

“साहेब, पास फेकता येतो का?”

“कसला पास?”

“ते शिकवू आम्ही. पळता येतंय तेवढं बास हाय.”

तेव्हा मी तिशी ओलांडली होती. घरी सदाशिव पेठेत दोन खोल्या, बायको आणि लहान मुलगी. बायकोने नवे बूट पाहिले आणि म्हणाली, “अहो, क्रिकेट असतं आपल्याकडे. त्यात पडावं लागत नाही.”

ओरडायचं कसं, हे मला सरावात शिकवावं लागलं. सुभेदार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे आणि मला ‘आपला’ म्हणायला लावायचे. ऐकू आलं नाही की हात कानामागे धरायचे. “आरं लेका, देवळात आलाईस का? तोंड उघड की!” पेठेत लहानपणापासून मला हळू बोलायला शिकवलं होतं. शेजाऱ्याला ऐकू जाईल असं बोलणं आमच्याकडे असभ्य समजत. सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि घरी जाऊन स्कूटर लावताना पार्किंगमध्ये कुणी नाही असं बघून एकदोनदा ओरडून पाहायचो.

आता सात नंबरबद्दल. खरं तर हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

तो भंडाऱ्याकडचा. भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, कंत्राटी कामगार होता. गावी विहारामागच्या मैदानात त्याच्या वडिलांनी पोरांचा कबड्डी संघ चालवला होता, त्यात हा डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. कोपऱ्यावरच्या माणसाचं काम म्हणजे चढाई करणाऱ्याचा घोटा धरणं आणि धरून ठेवणं. त्याचे पंजे मी हातात घेऊन पाहिले आहेत. बोटं लांब नव्हती, पण एकदा मिटली की सुटायची नाहीत.

आणि तीच अडचण होती. रग्बीत बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडलं की लगेच सोडावं लागतं. सोडायचं, उभं राहायचं आणि मग वाकून बॉलला हात घालायचा. पहिल्या सरावात त्याने एकाला असा पाडला की बघणारे टाळ्या वाजवू लागले. मग तो त्याला धरूनच बसला. सुभेदारांनी शिट्टी वाजवली. त्याने विजयाने हात वर केले. सुभेदारांनी बॉल समोरच्यांना दिला.

“मी धरला न बे त्याले! मंग माह्याच अंगावर काऊन?”

“धरलास, पर सोडला न्हाईस.”

“शिट्टी कुठं वाजली होती सोडायले?”

ही चूक रग्बीतच वाढलेला माणूस करणार नाही. कबड्डीत पकड पुरी झाली की पंच शिट्टी वाजवतो. तोवर सोडायचं नाही, श्वास गेला तरी नाही. दहा-बारा वर्षं त्याच्या अंगात हेच भिनलेलं होतं. रग्बीत खेळ चालूच राहतो. माणूस सोडायला तो दोन-तीन महिन्यांत शिकला. पण एकदा उभा राहून बॉलवर पंजे टाकले की पुन्हा तेच. बॉल निघाला तरी तो मुठी आवळून वाकलेलाच राहायचा आणि समोरचे धावत येऊन त्याला बाजूनं धडकायचे. रग्बीत ही धडक नियमात बसते. बॉलवर वाकलेल्या माणसाला हटवायचा तोच एक मार्ग असतो.

एके दिवशी पाणी पिताना तो मला म्हणाला, “नऊ, मले शिट्टी लागते. शिट्टीबिगर माहे हात उघडत नाईत. तू वाजव न.”

“मी?”

“तू मागंच असतं. तुले बॉल दिसते. तू ‘आपला’ म्हटलं की मी सोडीन. दुसऱ्या कोनाचा आवाज मी ऐकनार नाई.”

सुभेदारांनाही ते पटलं. त्या दिवसापासून माझा ‘आपला’ म्हणजे संघासाठी पलटीचा इशारा आणि सात नंबरसाठी सुटका. मी ओरडलो की त्याचे पंजे उघडायचे, तो अंग चोरून बाजूला व्हायचा, मी बॉल उचलून लांब फेकायचो. जमलं की इतकं सुरेख जमायचं की अंगावर काटा यायचा. नाही जमलं, तर मी खात्री करत असेन तेवढा वेळ तो तसाच वाकलेला, पाठ उघडी टाकून, माझ्या आवाजाची वाट बघत.

त्याचा खांदा पहिल्यांदा निखळला तो असाच. साधी मैत्रीची मॅच होती, एका कॉलेजबरोबर. त्याने बॉल काढला होता. मला दिसत होता, म्हणजे मला वाटतं दिसत होता. पण मध्ये कुणाचा तरी गुडघा होता, आणि बॉल पूर्ण सुटलाय का हे मी वाकून नीट बघायला गेलो. तेवढ्यात त्यांचा दांडगा पुढचा खेळाडू त्याच्या डाव्या बाजूवर आदळला. मी ‘आपला’ म्हणालो ते तो पडल्यावर.

सदाशिव पेठेत आमच्या घराजवळ एक हाडांचे डॉक्टर होते. मी त्याला स्कूटरवरून तिथे नेलं. डॉक्टरांनी खांदा बसवला, पट्टी बांधली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“कुणाशी भांडलात?”

“रग्बी खेळताना लागलं,” मी म्हणालो.

“म्हणजे भांडणच. फक्त कपडे बदलून.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “आता हा एकदा बाहेरचा रस्ता शिकलाय. पुन्हा निखळला तर माझ्याकडे येऊ नका, ऑपरेशन करणाऱ्याकडे जा.”

बाहेर आल्यावर तो हसला. म्हणाला, “तुमच्या पुन्याचे डॉक्टर इलाज बी करतेत अन् इज्जत बी काढतेत.” मी माफी मागितली. त्याने हात झटकला, उजवा. “खेळात होते बे. सुभेदारांले सांगजो नको. ते बसवून ठेवतीन मले.”

मी सांगितलं नाही. संघात खांद्याचं आम्हा दोघांनाच माहीत राहिलं. बाकीच्यांना वाटलं, मुका मार आहे. दीड-दोन महिन्यांनी तो पुन्हा खेळायला लागला.

पुढच्या हिवाळ्यात आमचा संघ एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर मुंबईचा संघ. त्याच सुमारास त्याच्या कारखान्यात काही कंत्राटी कामगारांना कायम करायचं ठरलं आणि यादीत त्याचं नाव आलं. त्या काळात हे दुर्मीळ होतं. सगळीकडे उलट चाललं होतं, कायम लोकांना घरी बसवून कंत्राटी घेत होते. फक्त वैद्यकीय तपासणी बाकी होती. प्रेसवर काम करायचं तर दोन्ही हात डोक्यावर सरळ जायला हवेत, वजन उचलून फिरवता यायला हवं. तपासणी अंतिम सामन्यानंतरच्या बुधवारी होती.

त्याने सुभेदारांना निरोप पाठवला की गावाकडचे पाहुणे आलेत, मॅचला जमणार नाही. खरं कारण मला माहीत होतं. आणि तरीही मी त्याला आणायला गेलो. आमच्याकडे संघाला लागतात तेवढे बरोबर पंधरा जण होते. तो आला नाही तर चौदा. सुभेदार मला गेटवर म्हणाले, “तुझं त्ये ऐकतंय. जाऊन बघ.” मी जातो म्हणालो. घरून निघताना बायकोने विचारलं कुठे. मी सांगितलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याला खेळायचं असतं तर तो आला असता. बोलवायला तुम्हीच का जायचं?”

मी स्कूटरची किल्ली उचलली. तिला खांद्याचं माहीत होतं, डॉक्टरांकडून परतताना आम्ही घरी चहा घेतला होता.

तो भोसरीत तिघांबरोबर एका खोलीत राहायचा. मला पाहून त्याला कळलं. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो.

“पाहुने कुठं हायेत?” मी त्याच्याच बोलीत विचारलं, तो हसावा म्हणून. तो हसला नाही.

“बुधवारी तपासनी हाये.”

“माहीत आहे.”

“मंग कायले आला?”

मी म्हणालो, तू म्हणशील तसं. मी म्हणालो, चौदा जण आहोत. मी म्हणालो, तू फक्त उभा राहा, ढिगात जाऊ नकोस. हे शेवटचं अगदी खोटं होतं. तो सात नंबर होता, सात नंबरचं दुसरं काम काय असतं? आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. तो ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, “तू वेळेवर ओरडशीन?”

“ओरडेन.”

“मागच्या टाइमसारखं नाई न?”

इतके महिने त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं त्याला कळलंच नसावं. मी म्हणालो, “नाही. या वेळी दिसलं की लगेच.”

“मंग येतो,” तो म्हणाला.

रविवारी मैदान कडक होतं, मुरूम वर आलेला. सकाळची थंडी अजून उतरली नव्हती. मुंबईचे आमच्यापेक्षा वजनाने जास्त आणि सरावाने पक्के होते. पहिल्या अर्ध्यात आम्ही जवळजवळ पूर्ण वेळ बचावच केला. पण त्यांची घाई व्हायची, आणि घाईतल्या माणसाला सात नंबर बरोबर गाठायचा. पाडला, सोडला, उठला, वाकला. मी त्याच्या पाठीमागे. बॉलचं टोक त्याच्या पंजांत फिरताना दिसलं रे दिसलं की मी ओरडायचो. त्याचे हात उघडायचे, मी बॉल डावीकडे लांब फेकायचो, आमचे लोक मागे सरून पसरलेले असायचे. असे दोनदा आम्ही त्यांच्या टोकापर्यंत गेलो आणि एकदा गुण मिळवले. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. सुभेदार एरवी कौतुक करत नसत. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आज तोंड उघडलंय हं साहेबांचं.”

दुसऱ्या अर्ध्यात त्याला एक धडक बसली, डाव्या अंगाला. मी वेळेवर ओरडलो होतो, पण येणारा उशिरा थांबला. सात नंबर उठला आणि त्याने डावा हात पोटाशी धरून ठेवला, झोळीत धरल्यासारखा. दोन-तीन पावलं तसा चालला, मग हात खाली सोडला.

मी जवळ गेलो. “बाहेर जा.”

“जागेवर हाये.”

“मी सुभेदारांना सांगतो.”

“तू सांगशीन त पाह्य,” तो म्हणाला. “जागेवर हाये म्हनलं न.”

मी सांगितलं नाही. तिथून पुढे मी बॉलकडे कमी आणि त्याच्या डाव्या खांद्याकडे जास्त बघत होतो. दोन पास चुकवले. एकदा बॉल माझ्या समोर पडलेला आणि मी त्याच्याकडे बघत उभा. दहा नंबर ओरडला, “ए नऊ, झोपला काय?” मुंबईच्यांनी गुण करून अंतर जवळजवळ मिटवलं. आम्ही दोन गुणांनी पुढे राहिलो.

शेवटच्या मिनिटांत ते आमच्या गोलरेषेजवळ आले. त्यांना फक्त ती रेषा ओलांडायची होती. आम्हाला फक्त बॉल थांबवायचा होता. त्यांनी एकामागून एक माणूस घुसवला, आमच्यांनी एकेकाला पाडलं. मग त्यांचा एक जण बॉल घेऊन सरळ सात नंबरवर आला. सात नंबरने त्याला मांडीखाली धरून पाडला, सोडला, उठला आणि बॉलवर वाकला. त्याचे दोन्ही पंजे बॉलवर बसले. खाली पडलेला माणूस बॉल सोडत नव्हता. नियम असा की खाली पडलेल्याने बॉल सोडायलाच हवा, आणि वरचा पायांवर उभा राहून धरून असेल तर त्याच्या संघाला पेनल्टी, म्हणजे बॉलसकट मोकळी किक मिळते. म्हणजे सात नंबरने आणखी थोडा वेळ तग धरला असता तर रेफ्रीने शिट्टी वाजवली असती आणि सामना आमचा होता.

बॉल आपला नव्हता. अजून नव्हता. हे मला स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ मला त्या दिवसात काही दिसलं नव्हतं. गुडघा मध्ये नव्हता, धूळ नव्हती. आणि डावीकडून त्यांचा तोच दांडगा गडी, ज्याने मघाशी धडक दिली होती, मान खाली घालून त्याच्या डाव्या बाजूवर येत होता.

मी ओरडलो, “आपला!”

त्याचे पंजे उघडले. तो बाजूला वळला, धडक द्यायला आलेला मोकळ्या हवेतून पुढे जाऊन पडला. आमची सगळी रेष, तेरा माणसं, चार पावलं मागे सरली आणि पसरली, सुभेदारांनी सरावात शिकवलं होतं तशी. बॉल तिथेच, खालच्या माणसाच्या हातात होता. त्याने तो मागे ठेवला, त्यांच्या नऊ नंबरने उचलला आणि आम्ही उघडलेल्या वाटेने तो चालत गेला म्हटलं तरी चालेल.

सामना तिथेच संपला.

लोक माझ्याजवळ आले. असं होतं, म्हणाले. त्या गर्दीत कुणाला दिसणार, म्हणाले. दहा नंबरने, ज्याने आधी मला झोपला काय विचारलं होतं, पाणी आणून दिलं. सुभेदार म्हणाले, “घाई झाली. उशीर करण्यापरीस बरं.” मी मान हलवली. सगळ्यांनी माझी चूक इतक्या सहज माफ केली की ती चूक नव्हती हे सांगायला मला तोंडच उरलं नाही. मी ते सांत्वन घेत राहिलो. सात नंबर जरा लांब बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. दोन्ही हातांनी. मी ते बघितलं आणि, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

जाताना तो एवढंच म्हणाला, “मी धरला होता.”

बुधवारी मी रजा टाकून त्याला तपासणीला घेऊन गेलो. त्याने नको म्हटलं नाही. कारखान्याच्या दवाखान्याबाहेर लिंबाखाली मी स्कूटरवर बसून राहिलो. तो आत असताना मी ठरवलं की काहीही झालं तरी सांगायचं. तो बाहेर आला तेव्हा शर्टाची बटणं लावत होता.

“हात वर गेले?”

“गेले. वजन बी उचलून पायलं. डॉक्टर म्हने, चांगला हाये.” तो पहिल्यांदा मोकळा हसला. “कायम झालो बे नऊ.”

मी त्याचं अभिनंदन केलं. मग सांगितलं. मला बॉल दिसत होता. तो आपला नव्हता हे मला माहीत होतं. तो दांडगा येताना दिसला, म्हणून मी ओरडलो.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. शर्टाच्या वरच्या बटणावर त्याचे हात थांबले.

“म्हनजे चुकून नाई?”

“नाही.”

“रेफ्रीचा हात वर जाऊन रायला होता. मले दिसला. तोंडाजवळ गेल्ती शिट्टी त्याच्या.” तो लिंबाच्या खोडाकडे बघत बोलत होता. “मी धरून होतो न बे. माहा खांदा होता, मले कळत होतं किती टिकते ते. तू कोन सांगनारा?”

“तुझी तपासणी—”

“तपासनीची गोठ तू भोसरीत येऊन इसरला होता. तवा मॅच पायजे होती तुले. अन् मॅचमंदी तुले तपासनी आठवली.” तो थांबला. “तू माह्यासाठी नाई ओरडला. तुले भेव वाटलं, म्हून ओरडला. पुन्हा दोस तुह्या डोक्यावर बसंन म्हून.”

यात खोटं काही नव्हतं. मी तरीही म्हणालो की दोन्ही होतं. तो म्हणाला, असंन. मग म्हणाला, “चुकून केलं असतं त बरं झालं असतं. चुकीचं मले काई वाटत नाई.” त्याला आत कारखान्याच्या नव्या बुटांचं माप द्यायला जायचं होतं. मला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी थांबलो. मग त्याला भोसरीला सोडलं.

शनिवारी तो सरावाला आला. सुभेदारांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं, तेव्हा तो पुढे होऊन म्हणाला, “आता मले कोनी आवाज देऊ नका. मी माह्या मनानं सोडीन.”

“का रं? नऊ हाय की.”

तो माझ्याकडे बघत राहिला. सांगायचं की नाही हे त्याने माझ्यावर सोडलं होतं. मी सांगितलं, तेरा माणसांसमोर. पेठेतल्या कबड्डी मंडळाचा एक पोरगा म्हणाला, “वा, दया आली साहेबांना! आमची येते का कधी?” कुणी हसलं नाही. सुभेदार माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता जा म्हणणार. ते म्हणाले, “खांदा निखळलेला ठाऊक होता तुला, आन मला सांगितलं न्हाईस?” त्यांना त्याचाच जास्त राग होता. त्यांनी ओरडायचं काम आठ नंबरला दिलं. मला नऊवर ठेवलं, कारण पास फेकणारा दुसरा कुणी नव्हता.

हात आपोआप उघडायला शिकणं सात नंबरला सोपं गेलं नाही. तो महिनाभर एकटाच सराव करायचा. मैदानाच्या कडेला बॉल ठेवून वाकायचा, पकडायचा, सोडायचा, उठायचा. मी मदतीला गेलो की म्हणायचा, “राहू दे.” रागाने नाही. नको असलेली वस्तू परत करावी तसं. एकदा सुभेदारांनी त्याला विचारलं की सोडायची वेळ कशी कळते आता. तो म्हणाला, “बॉल ढिल्ला होते न बोटांत. आधी मी तिकडं ध्यानच देत नव्हतो, नऊच्या आवाजाकडं कान लावून राहत होतो.”

नव्या मोसमातली पहिली मॅच पुण्यातल्याच एका संघाबरोबर होती. दुसऱ्या की तिसऱ्या हल्ल्याला त्यांचा माणूस त्याच्या अंगावर आला. पाडला, सोडला, उठला, वाकला. मी मागे होतो, ओठ आवळून. डावीकडून एक जण धावत येत होता. मी काही बोललो नाही. सात नंबरने बॉल खेचून काढला, वळला, आणि धडक यायच्या आत तो माझ्या पोटाशी आणून दिला.

“घे बे.”

आठ नंबर ओरडला. आमची माणसं मागे सरली, पसरली. डावीकडे सगळं मैदान मोकळं होतं, तिथे आमचा वाऱ्यासारखा पळणारा पोरगा हात वर करून उभा. मी बॉल हातात धरून सात नंबरचा डावा खांदा बघत होतो, तो जागेवर आहे का.

“आरं फेक की!” बाहेरून सुभेदार ओरडले.

मी फेकला, पण तोवर समोरची रेष उभी राहिली होती.